मजुराचा हात कीं निर्मात्याचा?

चित्रकथा हा शब्द कानीं पडतांच आमच्यांतील सुशिक्षित गृहस्थाच्या मुद्रेवर जें एक क्षमाशील स्मित उमटतें, त्याचा समाचार घेण्यासाठीं हा लेखनप्रपंच आहे. मुलांनीं परीक्षेच्या दिवसांत चोरून वाचावयाची चीज, आगगाडीच्या प्रवासांत वेळ घालविण्याचें साधन, यापलीकडे तिला महत्त्व देण्यास हा गृहस्थ तयार नसतो. त्याची ही नापसंती केवळ अभिरुचीची बाब असती तर आम्ही तिच्या वाटेस गेलों नसतों. परंतु या नापसंतीच्या आडोशानें गेल्या शतकांत एका मोठ्या कलावंताची जी लूट झाली, ती पाहिली म्हणजे तुच्छता ही निरुपद्रवी असते असें म्हणवत नाहीं. तो कलावंत म्हणजे अमेरिकन चित्रकथाकार जॅक कर्बी. ज्या ‘अव्हेंजर्स’चे चित्रपट आज आमच्या घरांतील मुलांना तोंडपाठ आहेत, त्यांतील कित्येक वीरांना प्रथम रूप देणारा हात त्याचा. आणि कायद्याच्या दृष्टीनें तो हात निर्मात्याचा नव्हे, भाडोत्री मजुराचा, असा निवाडा अमेरिकेंतील न्यायालयांनीं दिलेला आहे. त्या निवाड्याशीं आमचें भांडण आहे. आणि त्याहूनहि अधिक, तो ज्यांना स्वाभाविक वाटतो त्यांच्याशीं आहे.

कर्बीचें मूळ नांव जेकब कर्ट्झबर्ग. २८ ऑगस्ट १९१७ रोजीं न्यूयॉर्कच्या लोअर ईस्ट साइड या दाट वस्तीच्या भागांत त्याचा जन्म झाला. आईबाप ऑस्ट्रियाच्या साम्राज्यांतून आलेले ज्यू. बाप कपड्यांच्या कारखान्यांत कामाला. गल्लीगल्लींतील पोरांच्या टोळ्या आणि त्यांच्या रोजच्या मारामाऱ्या, हें त्याचें पहिलें विद्यालय. प्रॅट इन्स्टिट्यूट या कलाशाळेंत त्यानें नांव घातलें खरें, पण आठवडाभरांतच तें शिक्षण संपलें. पुढें वर्तमानपत्रांतील चित्रमालिका आणि सिनेमाचा पडदा हेच त्याचे गुरु झाले. फ्लायशर बंधूंच्या चित्रशाळेंत त्यानें ‘पॉपाय’ या चालत्या चित्रांचें कामहि कांहीं काळ केलें. दोन मुख्य चित्रांच्या मधलीं चित्रें काढून भरण्याचें तें काम होतें. ओळीनें मांडलेलीं टेबलें पाहून त्याला आपल्या बापाचा कारखाना आठवे. नशिबाचा विनोद असा कीं, ज्या कारखान्यांतून तो पळाला, त्याच कारखान्याचा कायदा पुढें जन्मभर, किंबहुना मरणानंतरहि, त्याच्या मागें लागला.

१९४१ च्या मार्च महिन्याची तारीख छापलेला ‘कॅप्टन अमेरिका’चा पहिला अंक हें त्याच्या कीर्तीचें पहिलें पाऊल. जो सायमन हा त्यांत त्याचा भागीदार. मुखपृष्ठावर नायक हिटलरच्या जबड्यावर ठोसा मारीत आहे. हा अंक विक्रीस आला तो १९४० च्या डिसेंबरांत, म्हणजे अमेरिका युद्धांत उतरण्यापूर्वीं जवळजवळ एक वर्ष. मोठमोठे मुत्सद्दी तटस्थतेच्या गोष्टी बोलत असतां दोन गरीब ज्यू तरुणांनीं दहा सेंटांच्या पुस्तिकेवर आपलें मत असें ठणकावून मांडलें. या पुस्तिकेला ‘पोरकट’ म्हणणाऱ्यांनीं त्या वर्षींच्या प्रौढ वाङ्मयांत इतकें स्पष्ट चित्र किती ठिकाणीं सांपडतें तें शोधून पाहावें. नफ्यांतील वाटा देण्याचें प्रकाशकानें कबूल केलें होतें. परंतु हिशेबांत आपली फसवणूक होत आहे अशी या दोघांची खात्री झाली आणि त्यांनीं दुसऱ्या कंपनीचा रस्ता धरला. त्यांच्या कचेरींत हरकाम्या म्हणून आलेला एक पोरगा त्यानंतर लवकरच संपादकाच्या खुर्चींत बसला. हा पोरगा प्रकाशक मार्टिन गुडमन याच्या पत्नीचा नातलग. पुढें जगप्रसिद्ध झालेला स्टॅन ली तो हाच.

१९४३ सालीं कर्बी सैन्यांत गेला. १९४४ च्या ऑगस्टांत तो फ्रान्सच्या किनाऱ्यावर उतरला आणि त्याच हिवाळ्यांत थंडीनें पाय गोठून इस्पितळांत पोंचला. ज्या हिटलरला त्यानें कागदावर ठोसा मारला होता, त्याच्या सैन्याशीं प्रत्यक्ष लढण्याचीहि पाळी त्याच्यावर आली. परत आल्यावर १९४७ सालीं सायमन व कर्बी यांनीं ‘यंग रोमान्स’ हें प्रेमकथांचें नवें मासिक काढलें. येथें एक गोष्ट वाचकांनीं विशेष लक्षांत ठेवावी. या मासिकाच्या करारांत नफ्याचा निम्मा वाटा या दोघां चित्रकथाकारांचा होता. मासिक धडाक्यानें चाललें, आणि प्रकाशक त्यामुळें भिकेला लागला नाहीं. तेव्हां कलावंताला भागीदार करणें या धंद्यांत अशक्यच आहे, हें जें पुढें वारंवार सांगण्यांत आलें, तें खोटें आहे हें १९४७ सालींच सिद्ध झालें होतें.

मग हा भागीदार पुन्हां मजूर कसा झाला? याचें उत्तर देतांना सुसंस्कृत समाजाचें नांव घेणें भाग आहे. १९५४ सालीं फ्रेडरिक वर्थम या मानसरोगतज्ज्ञाचा चित्रकथांविरुद्धचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. चित्रकथांमुळें मुलें गुन्हेगार होतात, असा त्याचा बोभाटा. अमेरिकन सीनेटच्या उपसमितीपुढें सुनावण्या झाल्या. भिऊन गेलेल्या प्रकाशकांनीं स्वतःवर एक कडक नियमावली लादून घेतली. कित्येक प्रकाशनसंस्था बुडाल्या आणि शेंकडों चित्रकार उघडे पडले. त्या पुस्तिकांत ओंगळ माल मुळींच नव्हता असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु ज्या धंद्याला समाज नाक मुरडतो, त्यांतील कारागिराला वकील मिळत नाहीं, संघ मिळत नाहीं, सहानुभूति तर दूरच. घराचे हप्ते आणि मुलांचीं तोंडें समोर असलेल्या कर्बीला, ज्या कंपनीवर रागावून तो १९४१ सालीं निघाला होता, तिच्याच दारांत पुन्हां उभें राहावें लागलें. या कंपनीचें नांव पुढें मार्व्हल झालें.

१९५८ पासून १९७० पर्यंतचें हें पर्व म्हणजे कर्बीच्या प्रतिभेचा पूर आहे. ‘फँटॅस्टिक फोर’ १९६१ सालीं निघालें. त्यामागून १९६२ सालीं ‘हल्क’ आणि ‘थॉर’, १९६३ सालीं ‘अव्हेंजर्स’ व ‘एक्स-मेन’, आणि १९६६ सालीं ‘ब्लॅक पँथर’ हा अमेरिकेच्या मुख्य प्रवाहांतील चित्रकथांतला पहिला कृष्णवर्णीय महावीर. ‘फँटॅस्टिक फोर’चे सलग १०२ अंक त्यानें चितारले. कचेरी नव्हती, हाताखालीं माणसें नव्हतीं. लाँग आयलंडवरील आपल्या घराच्या तळघरांत, ज्याला घरचीं माणसें थट्टेनें ‘अंधारकोठडी’ म्हणत, तेथें बसून तो रात्ररात्र काम करी. आणि १९६२ च्या सुमारास महिन्याकांठीं शंभराच्या आसपास पानें त्याच्या हातून उतरत.

पानांच्या संख्येवरून मात्र कोणी त्याला गिरणी समजूं नये. त्याच्यापूर्वीं या पुस्तिकांतील माणसें चौकटींत उभीं असत. कर्बीचीं माणसें चौकट फोडून वाचकाच्या अंगावर येतात. मूठ पुढें आली म्हणजे ती डोक्याहून मोठी दिसावी, धड मागें आकसावें, आणि त्या एका मोडतोडींतून आघाताचें सर्व बळ प्रत्ययास यावें, हें त्याचें कसब. विश्वांतील अदृश्य शक्ति दाखविण्यासाठीं त्यानें काळ्या ठिपक्यांच्या पुंजक्यांची एक नवीच भाषा निर्माण केली. तिच्यावर आजहि या क्षेत्रांतील चित्रकार उपजीविका करीत आहेत. दगडी अंगाचा, कुरूप, मनानें मात्र हळवा असा जो ‘थिंग’, त्याच्या जुन्या गल्लीचें नांव यान्सी स्ट्रीट; कर्बीच्या बालपणींच्या वस्तींतील डिलान्सी स्ट्रीटचा प्रतिध्वनि त्यांत कोणालाहि ऐकूं यावा. महावीराच्या मुखवट्याआड गरीब वस्तींतला माणूस बसविण्याची ही किमया कारखान्यांत शिकवीत नाहींत.

आतां वादाचा मुख्य मुद्दा. या कथा रचल्या कोणीं? अंकावर ‘लेखक’ म्हणून नांव स्टॅन ली याचें असे. परंतु कामाची रीत अशी होती: दोघांत कधीं तोंडी चर्चा व्हावी, कधीं थोडकी रूपरेषा असावी, मग कर्बीनें घरीं बसून सबंध अंक चित्रांत रचावा, प्रसंग कोणते, त्यांचा क्रम काय, कोठें थांबावें, कोठें धांवावें हें सर्व ठरवावें, आणि पानांच्या समासांत पेन्सिलीनें काय चाललें आहे त्याच्या टिपा लिहाव्या. त्यानंतर लीनें पात्रांच्या तोंडीं वाक्यें घालावीं. १९६६ सालच्या ‘फँटॅस्टिक फोर’च्या ४८ व्या अंकांत ‘सिल्व्हर सर्फर’ हें अद्भुत पात्र अवतरलें, तें ठरलेल्या कथेंत नव्हतेंच. हातीं आलेल्या पानांत तें पाहून आपण चकित झालों, असें खुद्द लीनेंच पुढें सांगितलेलें आहे. ज्याच्याशिवाय कथा उभी राहत नाहीं तें पात्र, तो प्रसंग आणि तो क्रम ज्यानें दिला त्याला ‘चित्रें काढणारा’ म्हणावयाचें, आणि वाक्यें घालणाऱ्याला ‘लेखक’! हा न्याय लावावयाचा तर ‘स्वयंवर’ नाटकांतील भास्करबुवा बखल्यांच्या चाली म्हणजे खाडिलकरांच्या पदांना लावलेली नुसती झालर ठरेल. त्या नाटकाचा एकहि रसिक हें मान्य करणार नाहीं. मग कानाला जो न्याय, तो डोळ्याला कां नको?

ली याच्यावर अन्याय करण्याची आमची इच्छा नाहीं. त्याची भाषा खेळकर व चटकदार होती, वाचकाला आपलासा करण्याची हातोटी त्याच्या अंगीं होती. आणि कर्बी १९७० सालीं रागानें मार्व्हल सोडून गेला व प्रतिस्पर्धी डीसी कंपनीसाठीं ‘न्यू गॉड्स’ इत्यादि मालिका स्वतःच लिहूं लागला, तेव्हां त्याचे संवाद पुष्कळांना बोजड वाटले हेंहि खरें. त्या मालिका बहुतेक १९७२ च्या आसपासच बंद पडल्या. पण त्यांतून काय सिद्ध होतें? कर्बी संवादांत ली नव्हता, एवढेंच. त्याच ‘अयशस्वी’ मालिकांसाठीं कर्बीनें निर्मिलेला ‘डार्कसाइड’ हा खलपुरुष पन्नास वर्षांनीं, २०२१ सालीं, ‘जस्टिस लीग’च्या पडद्यावर मिरवत होता. मालिका मरते आणि निर्मिति जगते, हीच निर्मात्याची खूण आहे.

पुढील कथा व्यवहाराची आहे. १९७५ सालीं कर्बी पुन्हां मार्व्हलकडे आला, १९७८ च्या सुमारास पुन्हां गेला. चालत्या चित्रांच्या धंद्यानें त्याला उतारवयांत बरा पैसा आणि आजारपणाचा विमा दिला. चित्रकथांनीं दिला नव्हता. १९८० नंतरच्या दशकांत मार्व्हलनें चित्रकारांना त्यांचीं मूळ पानें परत देण्यास आरंभ केला. इतरांना एका पानाचा साधा कागद सहीसाठीं जात असे. कर्बीपुढें मात्र चार पानांचा दस्तऐवज ठेवण्यांत आला, आणि हजारों पानें काढलेल्या या माणसाला देऊं केलीं किती, तर अवघीं ८८! व्यवसायबंधूंनीं ओरड केली तेव्हां १९८७ सालीं सुमारें दोन हजार पानें त्याच्या घरीं आलीं. ६ फेब्रुवारी १९९४ रोजीं तो वारला.

अमेरिकेच्या १९७६ च्या कायद्यानें लेखक-कलावंतांना एक हक्क दिला आहे. गरजेपोटीं जुन्या काळीं विकलेली कृति ५६ वर्षांनंतर त्यांस अगर त्यांच्या वारसांस परत घेतां येते. फक्त ती ‘मजुरीवर करून घेतलेली’ नसावी. २००९ सालीं डिस्ने कंपनीनें सुमारें चार अब्ज डॉलरांस मार्व्हल विकत घेण्याचें ठरविलें, आणि त्याच सप्टेंबरांत कर्बीच्या मुलांनीं या हक्काच्या नोटिसा दिल्या. कंपनी न्यायालयांत गेली. १९५८ ते १९६३ या काळांतील २६२ कृतींचा प्रश्न होता. २०११ सालीं खालच्या व २०१३ सालीं वरच्या न्यायालयानें ठरविलें कीं, हें काम कंपनीच्या सांगण्यावरून व तिच्या खर्चानें झालें, सबब तें मजुरीचें, आणि कायद्यानें निर्माती कंपनीच! प्रकरण सर्वोच्च न्यायालयाच्या दारांत पोंचलें असतां २०१४ च्या सप्टेंबरांत तडजोड झाली. तिच्या अटी गुप्त आहेत. पुढें कर्बीचें नांव मात्र ठळकपणें छापलें जाऊं लागलें.

या निवाड्याच्या समर्थनार्थ जें बोललें जातें त्याचा विचार करूं. पहिला मुद्दा असा कीं, कर्बीनें सही केली होती. होय, १९७२ सालीं केली. परंतु वादांतील कृति तेव्हां नऊ ते चौदा वर्षांच्या जुन्या झाल्या होत्या, आणि ज्या वर्षांत त्या निर्माण झाल्या त्या वर्षांत लेखी करार नव्हता. पीक कापून धान्य गाडींत भरल्यावर शेतकऱ्याकडून ‘शेतहि तुमचेंच होतें’ असें लिहून घेण्यापैकीं हा प्रकार आहे. दुसरा मुद्दा असा कीं, धोका प्रकाशकानें पत्करला. आम्ही विचारतों, कोणता? कागद, शाई व छपाई यांचा खर्च त्याचा, हें खरें. पण पेन्सिल कर्बीची, दिवा कर्बीचा, तळघर कर्बीचें. न पसंत पडलेल्या पानाचे पैसे द्यावयाचे नाहींत ही मुभा प्रकाशकाची. काम करावयाचें नोकराप्रमाणें, आणि पगार, निवृत्तिवेतन, विमा यांचें नांव काढतांच मात्र ‘तूं स्वतंत्र कारागीर’! जो माणूस लाभाच्या वेळीं नोकर आणि जबाबदारीच्या वेळीं परका ठरतो, त्याच्यासारखा सोईचा माणूस व्यापाऱ्याला दुसरा कोण मिळणार? न्यायालयानें आपल्यापुढील कसोटी अप्रामाणिकपणें लावली असें आम्हांस म्हणावयाचें नाहीं. ती कसोटीच एकाक्ष आहे. पैशाचा धोका तिला दिसतो, आयुष्याचा दिसत नाहीं.

तिसरा मुद्दा आमच्याकडील विद्वानांचा आवडता. अजिंठ्याच्या चित्रकारांचीं तरी नांवें कोठें ठाऊक आहेत? खरा कलावंत नांवाची पर्वा करीत नाहीं! या युक्तिवादांतील गोडवा पाहून आम्हांस भीति वाटते. अजिंठ्याच्या भिंतीवर चित्रकाराचें नांव नाहीं हें खरें, पण तेथें दुसऱ्या कोणी स्वतःचें नांव ‘निर्माता’ म्हणून कोरून ठेवलेलें नाहीं. २०१९ सालच्या अव्हेंजर्सपटानें जगभर पावणेतीन अब्ज डॉलरांहून अधिक उत्पन्न केलें. जेथें नांवाचे आणि रूपाचे पैसे मोजले जातात, तेथें निःस्पृहतेचा उपदेश फक्त राबणाऱ्यालाच करणें म्हणजे तत्त्वज्ञान नव्हे, चोरीवर घातलेलें सोंवळें आहे.

वाचक म्हणतील, हें सर्व अमेरिकेंत घडलें, आमचा त्याशीं काय संबंध? संबंध आहे. आमच्या १९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्यांतहि नोकरींत केलेल्या कामाचा पहिला धनी सामान्यतः मालकच ठरतो. पण त्याच कायद्याच्या ५७ व्या कलमानें एक मोठी गोष्ट केली आहे: कृति विकली तरी ‘ही माझी आहे’ असें म्हणण्याचा हक्क कर्त्यापासून सुटत नाहीं. दिल्लीच्या विज्ञान भवनांतील कांशाचें भव्य भित्तिशिल्प सरकारनें काढून त्याची दुर्दशा केली, तेव्हां शिल्पकार अमरनाथ सेहगल यांनीं याच कलमाच्या बळावर दाद मागितली, आणि २००५ सालीं दिल्ली उच्च न्यायालयानें अवशेष परत देण्याचा व पांच लाख रुपये भरपाईचा हुकूम दिला. पैसे मोजले म्हणजे कर्त्याचें नातें तुटत नाहीं, हें तत्त्व तेव्हां आमच्या कायद्याच्या पुस्तकांत आहे. तें आमच्या डोक्यांत आहे काय?

याची परीक्षा घेणें सोपें आहे. ‘अमर चित्रकथा’ १९६७ सालीं मुंबईहून सुरू झाली. आमच्या दोन पिढ्यांनीं पुराणें व इतिहास तिच्या पानांतून पाहिला. तिचे संपादक अनंत पै यांचें नांव घरोघरीं ठाऊक आहे, आणि तें योग्यच आहे. पण त्या मालेंतील ‘कृष्ण’ आमच्या डोळ्यांपुढें उभा केला तो राम वाईरकर यांनीं. ‘टिंकल’मधील सुपंडीलाहि त्यांच्याच कुंचल्यानें रूप मिळालें. प्रताप मुळीक यांनीं त्याच मालेंत कित्येक थोर पुरुषांचीं चरित्रें चितारलीं. हे सर्व चेहरे ज्यांच्या मनांत आजन्म ठसले आहेत, त्यांतील किती सुशिक्षितांस या दोन मराठी चित्रकारांचीं नांवें सांगतां येतील? कवीची एक ओळ दुसऱ्याच्या नांवावर खपविली तर आम्ही पत्रापत्रीचें रण माजवितों. आणि ज्या हातानें आमच्या मुलांच्या मनांतील देव घडविले, त्याची साधी चौकशीहि करीत नाहीं. कर्बीला न्यायालयानें मजूर ठरविलें तें पुष्कळ नंतर. न वाचतांच पान उलटणाऱ्या सुशिक्षितानें तें आधींच ठरवून टाकलेलें होतें.

तेव्हां आमचें मागणें थोडकें आणि रोकडें आहे. चित्रकथेचें किंवा मुलांचें कोणतेंहि सचित्र पुस्तक विकत घेतांना चित्रकाराचें नांव कोठें आहे तें आधीं पाहावें. मुखपृष्ठावर लेखकाच्या बरोबरीनें तें नसेल तर प्रकाशकास पत्र टाकून कारण विचारावें. परीक्षणें लिहिणाऱ्यांनीं कथेला तीन रकाने आणि ‘चित्रें सुबक आहेत’ हें एक वाक्य, ही वाटणी बंद करावी. शिक्षकांनीं मुलांस कर्त्याचें नांव विचारतांना चित्राच्याहि कर्त्याचें विचारावें. कायदे बदलावयास काळ लागतो आणि वकील लागतात. यांस फक्त डोळे लागतात. आणि डोळ्यांचें ऋण डोळ्यांनीं फेडावें, यांत कोणाचें कांहीं नुकसान होईल असें आम्हांस वाटत नाहीं.